मेट्रनबाईंचा उपास

सकाळी दूधवाला फाटकाशी आला, की द्वारकाबाई साळवे पातेले घेऊन आधीच दारात उभ्या असत. दूध घेतल्यावर त्या पातेले उजेडाकडे तिरके करीत, क्षणभर निरखीत आणि म्हणत, "अख्ख्या औरंगाबादच्या नळांना पाणी नाही. तुला एवढं कुठून मिळतं, ते कॉर्पोरेशनला तरी कळव." दूधवाला मुकाट्याने आणखी थोडे दूध ओती. त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या कालिंदीताईंची पाळी येई. त्या पाइपने कुंड्या भिजवीत आणि बाईंचा आवाज आला, की तोटी बंद करीत. शेवटी वर्तमानपत्र कुंपणावर फेकणाऱ्याची हजेरी होई. एवढे उरकले, की द्वारकाबाई चहाचे आधण ठेवीत आणि अत्यंत प्रसन्न मनाने प्रार्थनेला बसत.

सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. त्यांच्या वॉर्डात डॉक्टरदेखील बूट पुसून शिरत, असे सांगणारे लोक अजून शहरात होते. गारखेड्यातल्या लुथरन चर्चच्या मंडळीत तर त्यांना कुणी नावाने ओळखतच नसे. लहानथोर सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणत, आणि म्हणताना नकळत पदर किंवा कॉलर सारखी करीत.

त्या दुष्काळी वर्षी, ईस्टरआधीचा उपासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, तरुण पाळक शंतनू भालेराव यांनी उपदेश केला, की गोडधोड सोडणे सोपे आहे. जिभेला खरी चटक ज्याची लागली आहे, ते सोडून पाहा. उपासना संपायच्या आत द्वारकाबाई उभ्या राहिल्या. ईस्टर येईपर्यंतच्या चाळीस दिवसांत आपण कुणालाही रागावणार नाही, असे त्यांनी भर मंडळीत जाहीर केले.

मागच्या बाकावरून खिचडीचा कारभार पाहणाऱ्या गोजरबाई हलकेच म्हणाल्या, "मंग बाईंनी चाळीस दिस खायचं काय?"

पहिले दोन दिवस लोकांचा विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी दूध निळसर झाले. बाईंनी पातेले तिरके केले, ओठ मिटले आणि "सुखी राहा" म्हणून दार लावले. पुढच्या आठवड्यात कालिंदीताईंच्या पाइपचे पाणी जिन्यावरून वाहत बाईंच्या उंबऱ्यापर्यंत आले. बाईंनी ते बादलीत गोळा केले आणि स्वतःच्या मोगऱ्याला घातले. त्या रात्री त्यांना अपचन झाले.

हे सारे घरापुरते राहिले असते, तर निभले असते. पण चर्चचा टँकर बाईंच्या रागावर चालत होता. चर्चभोवती पूर्वी मोकळी शेते होती. आता तिथे इमारती उठल्या होत्या, त्यांच्या खोल बोअरने चर्चची बोअर कोरडी केली होती. उपासकाळात दर बुधवारी संध्याकाळी उपासना होई आणि मग सगळे एका पंगतीत साधी खिचडी खात. शेंद्र्याच्या कारखान्यांतून सुटलेले लोक परस्पर तिथे येत, करमाडची मंडळी बसने येत. मुलगी परगावी गेल्यापासून द्वारकाबाईंनाही आठवड्यातून तेवढे एकच जेवण चारचौघांत मिळे. त्या जेवणाचे पाणी टँकरमालक सोमनाथ पाठवीत असे. आणि तो ते पाठवी, कारण मंगळवारी त्याला बाईंचा फोन जाई.

व्रत घेतल्यावरच्या पहिल्या मंगळवारी बाईंनी फोन करून त्याच्या प्रकृतीची, मुलाबाळांची आस्थेने विचारपूस केली आणि जमल्यास पाणी पाठवावे, असे सुचवले. सोमनाथ आधी घाबरला. बाईंचे काही बरेवाईट तर नाही ना, म्हणून त्याने चर्चचे रखवालदार कडूबा यांच्याकडे चौकशी केली. कडूबांनी भाबडेपणाने व्रताची सगळी हकीकत सांगून टाकली. त्या बुधवारी टँकर उशिरा आला. पुढच्या बुधवारी आलाच नाही.

तेव्हा गोजरबाईंनी घरोघरच्या बाटल्या मागवून खिचडी शिजवली. कुणाच्या पाण्याला वाळ्याचा वास होता, कुणाच्या बाटलीत आदल्या दिवशी कोकम सरबत होते. खिचडी फिकट गुलाबी झाली आणि निम्म्या पंगतीला पुरली नाही. करमाडचे लोक उपाशीच बसला गेले. चर्चच्या पंचांनी त्याच रात्री ठरवले, की पुढच्या बुधवारी पाणी आले नाही, तर ईस्टरपर्यंत संध्याकाळचे जमणे बंद.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब, कडूबा आणि गोजरबाई बाईंच्या घरी आले. कालिंदीताईही जिन्यात थांबून ऐकत होत्या. बाईंचा धाक उठून पाण्याची शिस्त बिघडल्यापासून वरच्या टाकीत काही उरत नाही, अशी त्यांचीही तक्रार होती. व्रताने कुणी तरत नाही, ही तर आपल्या मंडळीची मुळातली शिकवण, असे पाळकसाहेबांनी समजावून पाहिले.

"तरण्यासाठी नव्हतंच ते," बाई म्हणाल्या. "देवासमोर शब्द दिलाय. मोडायचा कसा?"

गोजरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बुधवार गेला, तर म्या कुणासाठी रांधू, बाई?"

पंगतीतली आपली जागा बाईंच्या डोळ्यांसमोर आली.

रविवारी उपासनेनंतर आवारात चहा होता. गोजरबाई दुसरा कप बशीत ओतून निवांत फुरकत होत्या. द्वारकाबाईंना आश्चर्य वाटले, पण त्यांनी आवाज मऊ ठेवला.

"गोजरबाई, तुम्ही चहा सोडला होता ना?"

"सोडलाय की. पन आज ऐतवार हाय. ऐतवार त्या चाळिसात धरत नाय. संडे स्कूलात तुम्हीच शिकवलं व्हतं."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. तीस वर्षे त्या मुलांना हेच शिकवत आल्या होत्या: प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा, आनंदाचा, तो उपासाच्या हिशेबात येत नाही. त्या सरळ पाळकसाहेबांपाशी गेल्या.

"रविवार चाळिसात नाहीच ना?"

"नाही, बाई," पाळकसाहेब म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

बाईंनी कप खाली ठेवला, छत्री घेतली. "कडूबा, रिक्षा बोलाव. करमाडच्या रस्त्याला जायचंय."

सोमनाथ आपल्या विहिरीवर खाटेवर पडून टँकर भरताना पाहत होता. बाईंना पाहून तो उठला, पण हसत उठला.

"या, बाई. यंदा तुम्ही रागवत नाय म्हनं."

"आज रविवार आहे," बाई म्हणाल्या आणि खाटेवर बसल्या. तो आभाळाकडे बघू लागला, तशा त्या पुढे म्हणाल्या, "सोमनाथ, तू पाय मोडून माझ्या वॉर्डात पडला होतास. गोळ्या गादीखाली लपवायचास. विचारलं की असाच आभाळाकडं बघायचास."

"बाई, बुधवारी टँकर बिल्डरकडं जातो. त्याचा लई तगादा असतो."

"त्याच्या इमारतीत अजून माणूस राहायला आलेला नाही. सिमेंटला तहान लागली, म्हणून करमाडची माणसं उपाशी बसला गेली. तुझ्याच गावची."

पुढे त्या बऱ्याच वेळ बोलल्या. कितीतरी दिवसांचे साठलेले होते, तरी आवाज एकदाही चढला नाही. कडूबांनी नंतर एवढेच सांगितले, की टँकर भरून वाहू लागला तरी मोटर बंद करायला जागचे कुणी हलले नाही. शेवटी तेही बाईंनीच सांगितले.

बुधवारी फाटक उघडण्याआधीच टँकर दारात होता. सोमनाथ स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आला होता. चर्चची टाकी काठोकाठ भरली, उरलेले पाणी गल्लीतल्या हंड्यांत गेले. संध्याकाळी चर्चमध्ये बाक कमी पडले. खिचडी पिवळीधमक झाली, आणि करमाडकरांच्या पंगतीत सोमनाथने तिसऱ्यांदा वाढून घेतली. समोरच द्वारकाबाई जेवत होत्या. त्यांनी त्याला आग्रह केला. रागावल्या मात्र नाहीत.

उरलेल्या रविवारी रिक्षाची गरज पडली नाही. बाई चर्चमधून घरी पोचत, तोवर दूधवाला येऊन फाटकाशी उभा असे आणि कालिंदीताई जिन्यात, मान खाली घालून. आठवडाभर मुरलेले ते मोजके शब्द पुढच्या रविवारपर्यंत पुरत.

ईस्टरचा रविवार झाला, चाळीस दिवस संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला सायीसकट घट्ट दूध घेऊन आला आणि ओतून झाल्यावरही हलेना. आता बांध फुटणार, हे त्याने गृहीत धरले होते. वरच्या मजल्यावरची तोटीही बंद झाली होती.

बाईंनी पातेले उजेडाकडे तिरके केले, निरखले आणि सरळ धरले.

"बाई, काय बोलायचं व्हतं का?" त्याने अखेर न राहवून विचारले.

"आज सोमवार आहे," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हळूच दार लावून घेतले.