दोघांचं तेल

रविवारी सकाळी आमच्या गल्लीतून एक मोटरसायकल जाई आणि तिच्यावर मागे बसलेल्या मुलीच्या तळहातावर काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला असे. ती कॉफी कोणी प्यायची नसे. ती सांडते की नाही, एवढेच पाहायचे असे. गाडी चालवणारे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी व्यंकटराव, साऱ्या गल्लीचे अण्णा. मागे बसलेली त्यांची एकुलती एक मुलगी शांता. फेरी संपली की अण्णा दाराशी गाडी उभी करत, पेल्यात डोकावत आणि कॉफी जागच्या जागी असली तर समाधानाने आपल्या कानडी वळणात म्हणत, "सरी, ठीक. तेल बरोबर आहे."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे या तेलाची हकीकत क्रमाने सांगणे मला भाग आहे. मोटरसायकलचे पुढचे चाक दोन नळ्यांच्या मध्ये धरलेले असते. त्या जोडीला फोर्क म्हणतात. नळ्यांत स्प्रिंग असते आणि तेल असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग उसळून गाडीला नाचवू लागते. तिला आवरण्याचे काम तेलाचे. त्याला बारीक छिद्रातून वाट काढावी लागते आणि त्यात उसळीचा जोर जिरतो. तेल फार पातळ असले तर ते चटकन निसटते आणि गाडी होडीसारखी डुलते. फार दाट असले तर ते हलायलाच तयार नसते आणि रस्त्यातला प्रत्येक दगड मनगटात येऊन बसतो. शास्त्र एवढेच आहे. माझ्या विद्यार्थिनींना ते एका तासात समजे. अण्णांनी त्यात आयुष्य घातले होते.

ते एका कारखान्यात फोरमन होते आणि तेलाच्या दाबावर चालणारी मोठमोठी यंत्रे त्यांच्या ताब्यात होती. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. "बाई," ते मला सांगत, "माणूस दबतो, लोखंड दबतं. तेल दबत नाही." हे वाक्य ते बारशालाही म्हणत आणि तेराव्यालाही.

डब्यावर छापलेल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. शिवाजीनगरच्या दुकानात जाऊन ते तेल बोटांत चोळत, नाकाशी नेत, उंचावरून ओतायला लावत आणि धार तुटते कशी हे मान तिरकी करून बघत. "स्वल्प दाट," ते म्हणत. "स्वल्प पातळ." मागे गिऱ्हाइके ताटकळत उभी राहत. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "अण्णा, तेल घ्यायला आलात की सोयरीक जुळवायला?"

"सोयरीक एकदा चुकली तर घरातले भांडतात," अण्णा म्हणाले. "तेल चुकलं तर रस्ता भांडतो. ओत परत."

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची तेले होती, 'एकट्याचं' आणि 'दोघांचं'. गाडीवर एकच माणूस बसणार असेल तर स्वल्प पातळ ते एकट्याचं. मागे दुसरे माणूस बसणार असेल, तर वाढलेल्या भाराला आवर घालणारे दाट तेल ते दोघांचं. एकट्याने दोघांचं तेल घालून हिंडणे हा त्यांच्या मते शुद्ध अडाणीपणा होता. त्यांच्या पत्नी सुंदराक्का त्या गाडीवर कधीच बसल्या नाहीत. "मला देवाने पाय दिलेत," असे त्या म्हणत. पण शांता कॉलेजात जाऊ लागली, अण्णा तिला रोज पोहोचवू लागले आणि फोर्कमध्ये दोघांचं तेल आले. पुढे गल्लीत कोणाचे लग्न ठरले की लोक 'त्याने दोघांचं तेल घातलं' असेच म्हणू लागले. एका मनुष्याचा शब्द साऱ्या गल्लीने उचलावा, याचा आम्हा शेजाऱ्यांनाही थोडा अभिमान वाटे.

मग शांतालाच मागणी आली. मुलगा जवळच्याच म्हैसूरचा, मधुकर नावाचा, इंजिनिअर. आईवडील आगगाडीने आले आणि मुलगा स्वतःच्या मोटरसायकलवरून. शांताची शिक्षिका म्हणून मलाही बोलावले होते. मुलगी पाहून झाली, उप्पीट झाले, पत्रिका जुळतात हेही बोलून झाले. शांताने आत जाताना माझ्याकडे असे काही पाहिले की तिच्या मनात काय आहे हे मला कळले. आता अण्णांनी होकार देणे तेवढे बाकी होते.

अण्णा खिडकीतून बाहेरची मोटरसायकल न्याहाळत होते. त्यांनी घसा साफ केला.

"तुमच्याकडे काय, एकट्याचं की दोघांचं?"

मधुकर गोंधळला. हा प्रश्न वेगळ्या बिऱ्हाडाविषयी आहे, असे त्याला वाटले असावे. तो नम्रपणे म्हणाला, "आमच्याकडे चौघांचं आहे."

"चौघांचं?"

"हो. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. पहिल्यापासून सगळे एकत्रच."

"एकत्र? सगळे?" अण्णांचा आवाज बसला. "आणि झेपतं?"

"आतापर्यंत तरी झेपलंय," मधुकरची आई जरा ताठ होत म्हणाली. "सून आली म्हणजे पाच होतील."

अण्णांनी डोक्याला हात लावला. मला मध्ये पडून दोन्ही पक्षांना फोर्कची रचना समजावून सांगावी लागली. गैरसमज मिटला, पण प्रश्न उरलाच. मधुकरने प्रामाणिकपणे सांगितले, "तेल कुठलं ते ठाऊक नाही. गॅरेजवाला घालतो ते."

आपल्या गाडीत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची, हे अण्णांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होते. मुलाच्या वडिलांनी टोपी उचलली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्याआडून शांताचा आवाज आला, "अण्णा, तेल बदलता येतं."

अण्णांनी वळून पडद्याकडे पाहिले. मग उठले आणि म्हणाले, "कॉफी आणा. पेला भरून. चला मधुकरराव, मला एक फेरी मारून आणा."

"अहो, मुलगी दाखवायची की तुम्हाला बसवून मिरवायचं?" सुंदराक्का म्हणाल्या. पण अण्णा इस्त्रीचे धोतर सावरत मागे बसले होते. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत माणसे होती.

ते परतले तेव्हा पेला जवळजवळ रिकामा होता आणि धोतरावर कॉफीचा भला मोठा नकाशा उमटला होता. शांता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मधुकर खाली मान घालून गाडी स्टँडवर लावत होता. अण्णा उतरले, त्यांनी पेला सुंदराक्कांच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळले.

"तेल चुकीचं आहे बाई. साफ चुकीचं. ताकासारखं पातळ." त्यांनी धोतर झटकले. "पण प्रत्येक खड्ड्याच्या आधी हा मला सांगत होता. 'अण्णा, पेला सांभाळा.' एकही खड्डा सोडला नाही. आणि ते कोपऱ्यावरचं गटार आहे ना, तिथे उतरून गाडी हाताने ढकलत नेली, मला वर बसवून." मग व्याह्यांकडे बघून म्हणाले, "तेल काय, मी बदलून देईन."

लग्न मार्गशीर्षात झाले. आदल्या रविवारी अण्णांनी जावयाची गाडी अंगणात घेतली, जुने तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिले आणि स्वतः निवडलेले दोघांचं तेल दोन्ही नळ्यांत अगदी सारखे भरले. मधुकर शेजारी बसून सारे शिकला. पाठवणीच्या वेळी सुंदराक्का रडल्या, मीही रडले. अण्णा तेवढे व्याह्यांना तेल दबत नाही हे समजावून सांगत होते.

पंधरवड्यानंतरच्या रविवारी नेहमीचा आवाज ऐकून मी दारात आले. अण्णा एकटेच फेरी मारत होते. पेला नव्हता. गाडी कडक टणटणत येत होती, बारीकशा दगडावरही पुढचे चाक ठणकन उडत होते आणि अण्णांचे खांदे त्याबरोबर हादरत होते. विज्ञानाच्या शिक्षिकेला त्याचे कारण ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी गाडी थांबवली आणि मनगट चोळू लागले.

"अण्णा," मी म्हटले, "फोर्कमध्ये अजून दोघांचंच आहे?"

"आहे."

"हाताला लागत असेल."

"स्वल्प." त्यांनी फोर्कवरची धूळ रुमालाने पुसली, जिथे धूळ नव्हती तिथेही पुसली. "दिवाळसणाला येईल ना शांता. तेव्हा पुन्हा कुठे उघडत बसायचं?"

मी बरे म्हटले आणि घरात आले. दिवाळी गेल्याच महिन्यात होऊन गेली होती.