घोडा हलत नाही

शनिवारी दुपारी जपानमध्ये, कोतोतल्या इवल्याशा फ्लॅटात नंदकिशोर डोळे मिटून पडला, की त्याच्यासमोर जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली तरंगू लागत. लष्कराने मोडीत काढलेल्या, नळी बुजवून कायमच्या मुक्या केलेल्या. शोभेसाठी अशा विकत मिळतात. एका दुकानातल्या दोन त्याने हेरून ठेवल्या होत्या: एक विलायती, एक इशापूरची.

"विलायतीचा दस्ता अक्रोडाचा, रेषा कशा नदीसारख्या!" तो दीप्तीला सांगत होता. "पण इशापूरची आपल्याकडून इथवर आलीय गं. म्हातारी, सैन्यातून रिटायर झालेली. घोडा हलत नाही, पण कसली देखणी!"

"नंदू, इथे इस्त्रीचं टेबल उभं करून ठेवावं लागतं. बंदूक घरात येणार नाही. विषय संपला."

दारात बूट घालणाऱ्या सात वर्षांच्या अबोलीने त्यातलं कळलं तेवढं उचललं. बंदुकीच्या चापालाही मराठीत घोडा म्हणतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती खाली खेळायला गेली.

थोड्याच वेळात इमारतीचे व्यवस्थापक ओगावा-सान तिच्यासोबत दारात उभे. नंदकिशोरचं जपानी मीटिंगपुरतं, दीप्तीचं कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून दूध आणण्यापुरतं. दोघांच्या हाती तुकडेच लागले. "उमा... म्हातारी... तुमच्याकडे राहायला येणार, खरं का?"

दीप्तीच्या हातातलं लाटणं थांबलं. "कोण ही उमा?"

"मला काय माहीत!"

"तुला माहीत नाही, आणि ती आपल्याकडे राहायला येणार?"

"फार किरेई आहे म्हणे," ओगावा-सान अदबीने म्हणाले. किरेई म्हणजे सुंदर, एवढं दीप्तीला येत होतं.

"ऑफिसातली का?"

खोटं बोलणं नंदकिशोरच्या स्वभावात नव्हतं. त्याने नीट आठवून पाहिलं. "टेस्टिंगला एक उमा होती खरी. पण ती पुण्याला परत गेली."

"म्हणजे आहे!"

"बाल्कनीत झोपेल का ती?" ओगावा-साननी काळजीने विचारलं.

"आई," अबोली वैतागली, "जपानीत उमा म्हणजे घोडा! बाबा सोल्जरचा घोडा आणणारेत ना? म्हातारा, हलत नाही तो. मीच सांगितलं ओगावा-सानना."

नंदकिशोरने मोबाइलवर रायफलीचा फोटो उघडला, चापावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा. हा घोडा."

दीप्ती मटकन खुर्चीत बसली. "बंदूकच ना? अरे, मग आधी नाही का सांगायचं! आण एकदाची. त्या उमापेक्षा बरी."

आधी सांगितलं होतं, हे वाक्य नंदकिशोरने शहाण्या माणसासारखं गिळलं.

ओगावा-सान मात्र फोटोकडे बघतच राहिले. "म्हणजे प्राणी नाही?"

"नाही."

"नियमात बंदी आहे ती प्राण्यांना. अशा मुक्या बंदुकीबद्दल काही लिहिलेलं नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. "मग हरकत नाही."

हे ते इतक्या खिन्नपणे म्हणाले, की नंदकिशोरला आनंद दाखवायची लाज वाटली. निघताना त्यांनी एकदा बाल्कनीकडे पाहिलं. वाळत घातलेली चादर वाऱ्यावर आयाळीसारखी संथ हलत होती. मग पाठीमागे धरलेली पिशवी त्यांनी हळूच अबोलीच्या हाती दिली आणि वाकून निघून गेले.

पिशवीत गाजरं होती. पाल्यासकट, स्वच्छ धुतलेली.