मधल्या सुट्टीचा ठराव

टोरहिल्डबाईंनी नगरपालिकेचं मानवी हक्कांचं धोरण शाळेत सोमवारी लागू केलं आणि शुक्रवारपर्यंत त्या पस्तावल्या.

बाई शाळेच्या हंगामी मुख्याध्यापिका. धोरण शाळेत खरंच पाळलं जातंय की नुसतं भिंतीला लावलंय, हे पाहायला नगरपालिकेचा आर्विड शुक्रवारी येणार होता. तो जे सांगेल त्यावर बाईंची नोकरी कायम व्हायची होती. धोरणाची पुस्तिकाही त्यानंच लिहिलेली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘मुलांचं म्हणणं ऐकलं जाईल. नियम सर्वांना सारखे. अपवाद कोणालाही नाही.’

मोठी माणसं असली पुस्तकं वाचत नाहीत, म्हणून तर जग सुरळीत चाललंय. इथे मुलांनी ती वाचली.

मंगळवारी विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष रागना, वय वर्षं दहा, बाईंच्या खोलीत येऊन उभी राहिली. या देशात लहानथोर सगळेच एकमेकांना नावानं आणि एकेरीत हाक मारतात.

“टोरहिल्ड, पाऊस असला की मधल्या सुट्टीत आम्हाला आत बसू दे.”

“अगं, आपल्याकडे पाऊस वर्षभर. तसं ठरवलं तर तुम्ही बाहेर पडाल ते थेट उन्हाळ्यात, जुलैत! हवा कधी वाईट नसते, कपडे वाईट असतात.”

“मग तुम्ही सगळे आत कॉफी का पीत बसता? तुमच्याकडे कपडे नाहीत?”

बाईंना अचानक खोकला आला.

“नियम सर्वांना सारखे ना? मग एक तर सगळे आत, नाहीतर सगळे बाहेर. बोल.”

त्या दिवशी बाहेर लख्ख ऊन होतं. उन्हात माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो. “बरं बाई, सगळे बाहेर,” टोरहिल्डबाई म्हणाल्या.

शुक्रवारी समुद्रावरून आडवा पाऊस आला. घंटा झाली तसं मंडळ शिक्षकांच्या खोलीत शिरलं. गणिताचे शेटिल कॉफीचा पहिला घोट घेत होते.

“रागना, माझे सांधे धरलेत गं.”

“पुस्तिकेत सांध्यांचं काही नाही.”

“टोरहिल्ड, ही तुझी करणी!” म्हणत शेटिल बाहेर पडले आणि पहिल्याच डबक्यात घसरून बसले. मैदानभर आरोळी उठली.

“अगं, माझा पाहुणा यायचाय,” बाई काकुळतीला आल्या.

“आला की कळवते. चल, ऊठ.”

आर्विड आला तेव्हा शाळेत चिटपाखरू नव्हतं. त्यानं रिवाजाप्रमाणे पुढच्या दारात बूट काढले, कोट टांगला आणि लोकरीच्या मोज्यांवर वर्ग धुंडाळत तो मैदानाकडच्या दारापाशी पोचला. दारातून रागनाचं डोकं आत आलं.

“आत काय करतोयस? चल बाहेर.”

“मी नगरपालिकेचा. पाहणीला आलोय.”

“शाळेत आहेस ना? मग तुलाही लागू.”

“निदान बूट तरी—”

“ते पुढच्या दारात. म्हणजे पुन्हा आतूनच जाणार!” रागनानं पुस्तिका उघडली. “अपवाद कोणालाही नाही. हे कोणी लिहिलंय कोण जाणे, पण बरोबर लिहिलंय.”

ज्यानं लिहिलं होतं तो निमूटपणे मोज्यांवर पावसात उतरला.

टोरहिल्डबाईंनी त्याला पाहिलं. गेली नोकरी! त्या धावतच गेल्या.

“आर्विड, अरे, तुझे पाय!”

“ओले झालेत,” आर्विड म्हणाला. “हे कोणी ठरवलं?”

“मुलांनी.”

“आणि तू ऐकलंस?”

“ऐकलं. चुकलंच माझं.”

आर्विडनं चष्मा पुसला. तो लगेच पुन्हा भिजला. “इतक्या शाळा पाहिल्या, टोरहिल्ड. सगळीकडे मुलांनी हक्कांवर गाणं म्हणून दाखवलं. मला बाहेर कोणी काढलं नव्हतं.” मग तो जोरात शिंकला.

पुढच्या आठवड्यात बाई कायम झाल्या. फोन ठेवून त्या चक्क रडल्या, मग डोळे पुसून त्यांनी रागनाला बोलावलं. दाराआड शेटिल कान देऊन उभे होते.

“तुमची मूळ मागणी मंजूर. पाऊस असला की सगळे आत.”

“मतं घ्यावी लागतील,” रागना म्हणाली.

मतं घेतली. ठरावाच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही.

“अगं, पण मागणी तुमचीच होती ना?”

“तेव्हा बाहेर कंटाळा यायचा,” रागना म्हणाली. “आता शेटिल घसरतो.”

घंटा झाली. खिडकीवर पाऊस तडतडत होता. कायम झालेल्या मुख्याध्यापिकांनी निमूटपणे रेनकोट चढवला.