टपाल मोफत

वासितीला काळे कपडे उतरवायचे होते. नवरा इलिसोनी जाऊन वर्ष झालं होतं. पण गावजेवण घातल्याशिवाय दुखवटा फिटत नाही, आणि डुक्कर, तांदूळ, पाहुण्यांना प्यायला कावा मिळून सहाशे डॉलर लागणार होते. घरात विकण्याजोगं एकच होतं: झाडाची साल चार महिने कुटून तिनं केलेलं मोठं मासी कापड.

फिजीच्या राजधानीत, सुवाच्या बाजारात जागेचं भाडं पाच डॉलर. पण पहिल्याच सकाळी चुलत जाऊ हजर.

"वासिती, केरेकेरे! पोरीचं लग्न आहे गं."

नात्यातल्या माणसानं केरेकेरे म्हणून मागितलं की नाही म्हणायची सोय नसते. वासिती कापडावर बसली आणि म्हणाली, "विकलं गं सगळं."

संध्याकाळपर्यंत ती उठली नाही.

"आत्या, ऑनलाइन टाकू," भाची लितिया म्हणाली. "तिथं नातेवाईक येत नाहीत."

*हाताने केलेलं मासी. सहाशे डॉलर. टपाल मोफत.*

"मोफत म्हणजे भरणार कोण?"

"आपणच. पण मोफत लिहिलं की लोक तुटून पडतात."

तुटून पडली ती ब्रिस्बेनची एकटी मिसेस हार्पर.

*कमिशन ७२*
*कार्ड, चलनबदल २८*
*धुरी आणि कीड नसल्याचा दाखला ९५*
*टपाल (मोफत) १३०*
*तुमचे २७५*

"कीड? चार महिने कुटलंय मी. कीड जगेल कुठून?"

"झाडाची साल ना ती. धुरी दिल्याशिवाय तिकडे आत घेत नाहीत."

पावणेतीनशेत डुकराची मागची बाजू तेवढी आली असती. वासितीनं जेवण पुढं ढकललं. ब्रिस्बेनच्या दिराला कळवायचं मात्र राहिलं. ठरल्या दिवशी सामिसोनी दारात उभा.

"वहिनी, पाहुणे कुठायत?"

"डुक्कर आलं नाही, म्हणून तेही आले नाहीत."

तरी त्यानं जमिनीवर भेट उलगडली. "दादासाठी. माझं कार्ड चालेना, मालकीणबाईंच्या नावानं मागवलं. तिकडे आत घ्यायला एकशेचाळीस कर, आणि इकडे विमानतळावर परदेशी माल म्हणून पुन्हा साठ."

कडेची नक्षी वासितीच्या हातची होती. कापडाला औषधाचा वास येत होता, इस्पितळातून आणलेल्या मढ्याला येतो तसा.

"भावजी, हे मीच विकलं होतं. या जेवणासाठीच."

सामिसोनी खाली बसला.

"आठशे खर्चलेत तुम्ही. रोख आणले असते तर?"

"दादाच्या कार्याला नुसत्या नोटा घेऊन येऊ? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

त्यानं रिकाम्या अंगणाकडं पाहिलं. मग त्यानं कापडाची घडी घालायला घेतली.

"शनिवारी पर्यटकांची बोट येतेय. बाजारात मी बसतो तुमच्याबरोबर." घडी नीट दाबत तो म्हणाला, "फक्त हे काळे कपडे असू द्या, वहिनी. विधवेशी गिऱ्हाईक घासाघीस करत नाही."