सुपडूआप्पांचं नाक

सुपडूआप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नाहीत. सरळ सोफ्याकडे जातात, गुडघे टेकतात आणि गादीत तोंड खुपसतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा सासूबाई हॉलमध्ये बसल्या होत्या. पांढरा लेंगा घातलेला सत्तरीचा माणूस येतो आणि सोफ्यावर पालथा पडतो, हे पाहून त्या धावत आत गेल्या आणि चक्कर आलेल्या माणसाला हुंगवायला कांदा घेऊन आल्या. आप्पांनी डोकं वर केलं, कांद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा नंतर."

मग माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आमच्या बिल्डिंगमध्ये लहान पोरंसुद्धा त्यांची नक्कल करत विचारतात: "तुन्हं नाक काय म्हनस, मास्तर?"

आम्ही गुजरातेत राहतो, डिंडोलीत. बिल्डिंगमध्ये निम्म्याहून जास्त घरं खानदेशी. जिन्यात अहिराणी, लिफ्टमध्ये गुजराती आणि भांडण झालं की हिंदी. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो. तिसऱ्या मजल्यावर माझं घर, दुसऱ्यावर, बरोबर खाली, आप्पा आणि त्यांची बायको, आक्का. आप्पांनी उभं आयुष्य पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये काढलं. कपडा मशिनीत जरा जास्त तापला तर ते दारातूनच ओरडायचे म्हणे. असं नाक असलेला माणूस रिटायर झाल्यावर स्वस्थ कसा बसणार? घराघरांतले चिवट वास काढायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं. कुणाचं दूध करपलं, कुणाच्या पडद्यांना तळणाचा वास बसला, कुणाचा भाडेकरू खोलीत विड्या ओढून गेला, की आप्पांना बोलावणं. मोबदला एक कप चहा.

आप्पांच्या हिशेबानं वास तीन प्रकारचे. "पाहुणा, भाडोत्री आणि घरजावई. फोडणीचा वास पाहुणा. खिडकी उघड, संध्याकाळी आपोआप जाईल. मासळीचा भाडोत्री. लिंबूपाण्याची नोटीस दिली की कुरकुर करत जातो. पण धूर! धूर घरजावई. गादीत शिरतो, पडद्याला टेकून बसतो, आणि वर तुझ्याच घरात तुला परकं करतो."

खोलीत मारायच्या सुगंधी फवाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "वासावर वास म्हणजे आंघोळ न करता पावडर," म्हणायचे.

पण त्यांची खरी खोड वेगळीच. वासाचं वर्णन केल्याशिवाय ते कामाला हात लावत नसत. "जळका वास येतोय" एवढ्यावर भागायचं नाही. "जळका म्हणजे? कांदा जळाला का शेंगदाणा? आधी गोड येतो का आधी कडू? मसाल्यात काय काय होतं?" आपण सांगत राहायचं आणि ते डोळे मिटून ऐकत राहायचे. मधेच आवंढा गिळायचे. मला वाटायचं, काय एकाग्रता! वैद्य नाडी बघतो तसं हे चाललंय. मी त्यांना निबंधच्या निबंध ऐकवायचो. शाळेत माझे निबंध कुणी ऐकत नाही.

एकदा सुनंदा, म्हणजे माझी बायको, घरात नव्हती म्हणून चहा मी केला. दूध तळाला लागलेलं. चहाला असा काही वास, की मी स्वतः पहिल्याच घोटाला कप ठेवून दिला. आप्पा मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि म्हणाले, "फक्कड." मी त्यांच्या सभ्यपणावर खूश झालो. माझ्या हुशारीचा अंदाज एवढ्यावरून यावा.

आक्कांची गोष्ट निराळी. त्यांना आम्ही बिल्डिंगचा रेडिओ म्हणतो. स्वयंपाक करताना त्या मोठ्यानं सगळं सांगत असतात. "लसून लाल व्हयना हो! आते खोबरं टाकस! भाकर फुगनी!" दुसऱ्या मजल्यावर आज काय शिजतंय हे पार्किंगमधल्या वॉचमनलाही माहीत असतं. सुनंदा म्हणते, आक्कांमुळे तिला निम्म्या खानदेशी भाज्या शिकता आल्या, त्याही गॅलरीत कपडे वाळत घालता घालता.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात पारोळ्याहून भावानं वांगी पाठवली. भरिताची, हिरवी, हातभर. आणि सोबत कापसाच्या वाळक्या काड्यांचा भारा. कारण भरिताचं वांगं गॅसवर भाजणं हा आमच्याकडे वांग्याचा अपमान समजतात. रविवार होता. सुनंदा कामरेजला बहिणीकडे गेली होती. जाताना बजावून गेली होती, "अहो, साड्यांना हात लावू नका." हॉलमध्ये साठ साड्यांचा गठ्ठा होता. सुनंदानं नुकतंच घरी लेस लावायचं काम सुरू केलं होतं आणि मार्केटातल्या शेठचा हा पहिलाच मोठा माल. सोमवारी सकाळी टेम्पोवाला न्यायला येणार होता. माल चांगला गेला तर काम कायमचं, नाहीतर पुन्हा दुसऱ्यांच्या पाया पडा. तिनं तीन आठवडे मान मोडून लेस लावली होती.

मी साड्यांना हात लावला नाही. मी फक्त गॅलरीत लोखंडी घमेल्यात काड्या पेटवल्या.

वारा समोरून होता. धुराचा लोट उठला आणि समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी बोंब ठोकली, "आग लागी! त्रीजे माळे आग लागी!" आता अशा वेळी शहाणा माणूस पाणी ओततो. मी अब्रू वाचवायला पेटतं घमेलं उचलून हॉलमध्ये आणलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

वांगी अप्रतिम भाजली गेली. साड्याही.

एका साडीची घडी नाकाशी धरली. मी अनवाणी खाली पळालो. आप्पा वर आले, सोफ्यात तोंड खुपसलं, विचारलं, "तुन्हं नाक काय म्हनस?"

"आप्पा, माझं नाक म्हणतं की संध्याकाळी सुनंदा येईल आणि मला माहेरी पाठवेल."

"घरजावई," आप्पा माझ्या काळवंडलेल्या तोंडाकडे आणि घमेल्याकडे पाहून म्हणाले. मग बाही वर केली. "एक ध्यानात ठेव. साडीला पाण्याचा थेंब लावायचा नाही. फिनिशिंग जातं, डाग पडतो, शेठ माल तोंडावर फेकतो. साडीला फक्त हवा."

गच्चीवर दोऱ्या बांधून आम्ही साठ साड्या उलगडून टांगल्या, सावलीच्या बाजूला. गच्ची लग्नाच्या मांडवासारखी दिसायला लागली. खाली आप्पांनी सोफ्यावर खाण्याचा सोडा भुरभुरला, पडदे काढून बादलीत टाकले, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं माझ्याकडून भिंती पुसून घेतल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात कोळशाच्या वाट्या ठेवल्या. मी शिडीवर, आप्पा खाली खुर्चीत. "तिकडं राहिलं, मास्तर. शाळेत फळा असाच पुसतोस का?"

चार वाजता साड्या उतरवून हॉलमध्ये आणल्या. मी एकेक हुंगत गेलो. पन्नास साफ! गठ्ठ्यात सगळ्यात वर होत्या त्या दहांना मात्र अजून धुराचा वास होता. तरी माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माझ्यातला वात्रटपणा वर येतो. म्हटलं, बघू या या थोर नाकाची गंमत. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "आप्पा, या दहांना सुक्या बोंबलाचा वास येतोय."

मला वाटलं, म्हातारा पाठीत धपाटा घालेल.

आप्पांनी साडी उचलली, नाकाशी नेली, खोल श्वास घेतला. "बरोबर. बोंबीलच. गच्चीवर कुणीतरी वाळत घातले असतील." आणि त्यांनी लिंबूपाण्याची फवाऱ्याची बाटली उचलली. "भाडोत्री आहे. याला नोटीसच द्यायला लागणार. डागाचं बघू, आतल्या टोकाला मारतो."

बाटलीचं तोंड साडीपासून वीतभर अंतरावर होतं.

"आप्पा, थांबा!" मी त्यांचा हातच धरला. "बोंबील नाहीत. धूरच आहे. मी गंमत केली."

आप्पा थांबले. बाटलीकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. मग सोड्यानं पांढऱ्या झालेल्या सोफ्यावर हळूच बसले.

"कोरोनात गेला वास," ते म्हणाले. "सगळ्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. माझा नाही आला."

मी विचारलं, "डॉक्टर?"

"दाखवलं. येईल म्हणाले." ते लेंग्यावरचा सोडा झटकत राहिले. "खारट, तिखट जिभेला कळतं रे. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. आक्काला माहीत नाही. तिला कळलं तर ती मन लावून फोडणी कुणासाठी देईल? म्हणून तिला रोज म्हणतो, वा, काय वास सुटलाय. आणि दुसऱ्यांच्या घरी जाऊन विचारतो. तुम्ही सांगता. तेवढंच नाकाला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बरं सांगतोस. मास्तर आहेस ना. आक्काला सांगू नको."

मी मान हलवली. (हे लिहिताना त्यांचं नाव बदललंय. तेवढी अक्कल आता आलीय.)

"भरिताचं राहिलं," आप्पा डोळे मिटून म्हणाले. "सांग."

मी सांगितलं. साल काळी पडून तडकते तेव्हाचा तो कडू वास, त्याच्या आतून येणारा गोडसर, कोवळ्या कणसासारखा. कापसाच्या काडीचा धूर, शेतात हिवाळ्याच्या सकाळी येतो तसा. ठेचलेली मिरची, कांद्याची पात. जन्मात मी इतका चांगला धडा शिकवला नव्हता. आप्पांनी दोनदा आवंढा गिळला.

मग उठून म्हणाले, "त्या दहा पुन्हा गच्चीवर टांग. आणि गंमत पुरे."

अंधार पडायच्या आत त्याही साफ झाल्या. सोमवारी टेम्पो आला, साठच्या साठ साड्या घेऊन गेला, आणि गुरुवारी शेठकडून दुसरा गठ्ठा आला. सुनंदाला अजून काही माहीत नाही. एवढंच म्हणाली की भिंती कशा काय पुसल्यात तुम्ही, बरं वाटत नाही का?

त्या रविवारी संध्याकाळी, सुनंदा यायच्या आधी, भरिताचा डबा घेऊन मी खाली गेलो. दार आक्कांनी उघडलं. आप्पा आतच होते, त्यांच्यापासून दोन हातांवर, खाटेवर. आक्कांनी झाकण उघडलं, डब्यावर वाकून वास घेतला आणि नेहमीच्या, वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागल्या, "मास्तरनी भरीत आनं हो! काडीना धूर कसा मस्त लागेल शे! पात शे, शेंगदाना शे, लसून मोप शे!"

दोन हातांवरच्या माणसाला.

मी बघतच राहिलो. आक्कांनी माझं बघणं पाहिलं. बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं आणि प्रथमच मी त्यांचा हळू आवाज ऐकला.

"त्यासले सांगू नको, मास्तर."

एवढं म्हणून त्या आत गेल्या. मी जिन्यात उभा. पोटात एक गोष्ट ठेवता न येणारा माणूस मी, माझ्याकडे एका दिवसात एकाच घरातून दोन आल्या होत्या. दाराआडून पुन्हा रेडिओ सुरू झाला, "वांगं एकदम कोवळं शे हो! बिया नहीत!"

आणि आप्पांचा आवाज, तृप्त, "हां, हां. खाटेपर्यंत वास ये ऱ्हायना."