चौथ्या चालीचा घोडा

या सोयरिकीत माझ्या मित्राला, मयूरला, काय काय मिळणार, ते मी त्याच्या आधी मोजून ठेवलं होतं. तृप्तीसारखी हुशार बायको. कळवणला डाळिंबाची बाग असलेला सासरा. आणि त्या सासऱ्याच्या पडवीत, प्लास्टिकच्या कव्हराखाली उभी असलेली काळीभोर, कोरी करकरीत मोटरसायकल! निवृत्तीआण्णांना ती कुठल्याशा खतवाल्याच्या सोडतीत लागली होती. पण आण्णांना ट्रॅक्टरपेक्षा वेगवान वाहनावर चक्कर यायची. त्यामुळे गाडी जावयाचीच, हे गणित पहिलीतल्या पोरालाही सुटलं असतं.

"आम्ही हुंडा घेणाऱ्यांतले नाही," मयूर छातीवर हात ठेवून सांगायचा, "पण कुणी प्रेमानं दिलं, तर माणसाचं मन मोडू नये!"

मी मान डोलवायचो. कारण मोटरसायकल आली, की मयूरची जुनी मोपेड मला मिळायची होती. मीही घेणाऱ्यांतला नाही. पण मन मोडू नये!

२००३ सालची गोष्ट. गंगापूर रोडवर माझं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. तृप्ती तिथं कॉलेजचे प्रोजेक्ट टाइप करायची आणि शेजारच्या खुर्चीवर मयूर जगभरच्या लोकांकडून बुद्धिबळात हरायचा. प्रेम जमायला याहून कमी कारणं पुरतात!

अशातच मयूरला एक डाव सापडला. चौथ्याच चालीला आपला घोडा शत्रूच्या प्याद्यावर घालायचा. प्यादं मिळतं, घोडा जातो. म्हणजे पेरूसाठी बाग विकायची!

"अरे, पण हा व्यवहार तोट्याचा आहे," मी म्हणालो.

"भाऊ, समोरचा गांगरतो ना! एवढा मोठा घोडा फुकट का दिला, याच विचारात त्याचा वेळ संपतो. परवा ब्राझीलचा एक जण तर डाव सोडूनच पळाला."

"त्याच्याकडची लाईट गेली असेल."

"मुद्दाम बळी देऊन डाव मारायचा, याला गॅम्बिट म्हणतात. तुला नाही कळायचं!"

लग्नाचं विचारायला गेलो, तेव्हा आण्णांनी पत्रिका बाजूला सारली. "पत्रिका ब्राह्मण बघंल. मी डाव बघतो. पटावर माणूस लपत नाय." पण डाळिंबाची तोडणी सुरू होती, त्यामुळे आण्णांना नाशिकला यायला सवड नव्हती. मग तृप्तीनंच तोडगा काढला. आण्णांनी कळवणच्या कॅफेत बसायचं, मयूरनं माझ्याकडे. तिकडे माऊस तृप्तीच्या हातात, चाली आण्णांच्या.

रविवारी सकाळी मयूर कपाळाला गंध लावून हजर! मला शेजारी बसवून म्हणाला, "गप्पांची चौकट तू सांभाळ. आण्णा काही विचारतील, तर गोड उत्तर दे. मला डिस्टर्ब करू नको."

चौथी चाल. घोडा गेला प्याद्यावर! मग चौकटीत इंग्रजी अक्षरांत मराठी उमटली: "पाव्हणं, घोडा चुकून सुटला का?"

गोड उत्तर द्यायचं होतं. मी टाइप केलं: "चुकून नाही आण्णा, खास तुमच्यासाठी ठेवलाय. घ्या!"

आण्णांनी घोडा घेतला. पाचसहा चालींनी त्यांचा उंट मयूरच्या प्याद्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी पानात पापड वाढल्यासारखा. चौकटीत आलं: "आता तुम्ही घ्या."

मयूरनं उंट मटकावला. "बघितलंस? गांगरला म्हातारा!"

मग हत्ती आला. "घ्या, घ्या!" मयूरनं तोही खाल्ला. मग खुद्द वजीर! "संकोच नको, घरचंच हाय."

मला वाटलं, म्हातारा टोमणे मारतोय. मयूरला तर काहीच वाटलं नाही, तो चिवड्याच्या डब्यापाशी बसलेल्या माणसासारखा खात सुटला होता. वजीर गिळला, आणखी चार चालींत मात केली आणि माझ्या हातातला कीबोर्ड ओढून स्वतः टाइप केलं, "मात!!!"

पलीकडून चौकटच बंद झाली.

अर्ध्या तासानं कॅफेतला फोन वाजला, मी स्पीकर लावला. तृप्ती! "दादा, काय केलं हो त्यानं?"

"जिंकला ना!"

"कशाला जिंकला? आण्णा किती खूश होते! म्हणाले, पोराला रीत कळते, आल्याआल्या घोडा पुढं ठेवला. म्हणून मग त्यांनीही वाढायला घेतलं. उंट वाढला, हत्ती वाढला, वजीर वाढला. यानं एकदा तरी 'नको' म्हणावं? सगळं खाल्लं!"

मागून आण्णांचा आवाज आला, "लय हावरं पोरगं हाय! ताटातलं खाल्लं ते खाल्लं, वर वाढणाऱ्यालाच मात! उद्या माझी बाग खाईल!"

मयूरचा चेहरा शिळ्या पुरीसारखा झाला. "पण बुद्धिबळात आग्रह कोण करतं?"

"माझे वडील करतात," तृप्ती म्हणाली. "पुढच्या रविवारी दुसरा डाव मिळवते मी. नीट ऐक. आण्णा काहीही देऊ देत, नको म्हणायचं. पटावर, पानात, कुठंही. कळलं?"

दुसरा डाव! आण्णांनी वजीर प्याद्यासमोर आणून ठेवला. मयूरनं हात मांडीखाली दाबून ठेवला. मी टाइप केलं, "नको आण्णा, पोट भरलं." मग मयूरनं हत्ती पुढं केला. तिकडून आलं, "छे छे, आधी तुम्ही." तीन तास दोन्ही फौजा एकमेकींना वाट करून देत होत्या! माझी गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. पन्नास चाली कुणी काही खाईना, प्यादंही हलेना, तेव्हा कॉम्प्युटरनंच बरोबरी जाहीर केली.

"पोरगं सुधारलं," कळवणहून निरोप आला. "साखरपुड्याचं बघा."

साखरपुड्याला पंगत उठली आणि आण्णा पानाचं तबक घेऊन आले. तबकात मोटरसायकलची चावी! सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "जावईबापू, पडवीतली गाडी तुमची. घ्या."

मी मनातल्या मनात मोपेडला किकसुद्धा मारली!

मयूरनं तृप्तीकडे पाहिलं. तिनं भुवई उंचावली. मयूर मान खाली घालून, लाजून म्हणाला, "नको आण्णा."

आता दुसऱ्यांदा आग्रह होणार, तिसऱ्यांदा चावी खिशात पडणार. रीतच तशी! पण आण्णांचे डोळे भरून आले.

"ऐकलं का मंडळी? वजीर नको म्हणला, आता गाडीबी नको म्हणतो! असा जावई दाखवा जिल्ह्यात!"

टाळ्यांचा कडकडाट!

"आण्णा, म्हणजे माझं म्हणणं असं..." मयूर तबकाच्या दिशेनं सरकला.

"बस्स! आता आग्रह केला तर तुमचा अपमान होईल." आण्णा वळले. "तृप्ते, तू घेतेस का गं?"

"द्या," तृप्ती म्हणाली, आणि चावी उचलली. एकदासुद्धा 'नको' नाही!

तर हिशेब असा. तृप्तीला नवरा मिळाला आणि मोटरसायकलही. आण्णांना निर्लोभी जावई मिळाला. मयूर मागच्या सीटवर पिशवी सांभाळत बसतो आणि हल्ली पटावर घोडा जपून ठेवतो. मी मात्र अजून पंचवटीहून गंगापूर रोडला सायकलनं येतो आणि रविवार कारंजाच्या चढावर दम खातो.

मयूरला दोष देऊ नका. लग्नानंतर एकदा चहा पिताना त्यानं मोपेडची चावी माझ्यापुढं ठेवली होती. "भाऊ, ठेव ही तुला."

मी म्हणालो, "अरे नको, कशाला!"

त्यानं लगेच उचलली.