जावई येईपर्यंत गोळ्या

माणसाचं शरीर त्याचं एकट्याचं असतं, हा एक शहरी गैरसमज आहे. परभणीकडे ते सोयऱ्याधायऱ्यांच्या सामाईक मालकीचं असतं, आणि सामाईक मालमत्तेवर सुरी चालवायची तर सगळ्यांची संमती लागते.

ताडकळसचे व्यंकटराव छातीत कळ येऊन परभणीच्या एका दवाखान्यात भरती झाले, तेव्हा हीच रीत पाळली गेली. डॉक्टर सुकेशनी यांनी बाहेर येऊन सांगितलं, "हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचा आतला थर फाटलाय, आणि तोही हृदयाजवळच. ऑपरेशनच लागेल. अँब्युलन्स उभी आहे, हैदराबादला न्या. तासातासाला धोका वाढतोय."

व्यंकटरावांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, हे लगेच कळलं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. (बायकोला सोयऱ्यांत मोजत नाहीत, ती घरचीच.) जमलेल्या सतरा जणांपैकी डॉक्टरांचं शेवटपर्यंत ऐकलेले दोन. त्यातला एक ऑटोवाला, भाड्यासाठी थांबलेला.

धाकटे दीर बन्सीधर अनुभवी. "मानवतच्या पंडितची बी हीच नळी फाटली होती. गोळ्यावर बरा झाला. आता मोटारसायकलवर फिरायलाय."

"त्यांची खाली, पोटाकडे जाताना फाटली असेल," डॉक्टर म्हणाल्या. "तिथं बहुतेकदा औषधानं बीपी उतरवून भागतं. इथं भागत नाही."

"वर काय अन् खाली काय, नळी एकच हाय ना?"

यावर ऑटोवाला आणि अनसूयाबाई सोडून सगळ्यांच्या माना हलल्या. (वैद्यकशास्त्रात याला बहुमत म्हणतात.) तरी सोयरे हट्टी नव्हते. जावई श्रीराम गंगाखेडहून निघाले होते. ते येईपर्यंत गोळ्या, मग चहा, मग विचार, असा सुवर्णमध्य निघाला. जावयाला न विचारता सासरा कापला, तर लेकीनं सासरी तोंड कसं दाखवायचं? धमनीला तोवर थांबवून धरायचं काम डॉक्टरांवर सोपवण्यात आलं.

अनसूयाबाईंना नवरा हवा होता, मग तो विचारून मिळो की न विचारता. चहाचं बघते म्हणून त्या उठल्या, आत जाऊन सही केली, आणि नवऱ्यासोबत अँब्युलन्समध्ये बसून हैदराबादला निघाल्या.

ऑपरेशन झालं. व्यंकटराव वाचले. जावई रुसले ते अजून रुसलेलेच आहेत. बन्सीधर वहिनीशी बोलत नाहीत. खुद्द व्यंकटरावही छातीवरच्या टाक्यांवरून हात फिरवत भेटायला येणाऱ्यांना सांगतात, "जीव वाचला ते ठीक हाय, पण चार माणसांत माझी काय इज्जत राहिली?"

अनसूयाबाईंचं चुकलं का, हे आता वाचकांनीच ठरवावं. घाई नाही. आधी घरात सगळ्यांना विचारून घ्या.